धुऱ्यावर रेंज कोणाची?

सातपुड्याच्या पायथ्याला कार्तिकाची थंडी उतरू लागली, की वरूड तालुक्यातील बगिच्यांत अंबिया बहाराची तोडणी ऐन भरात येते. शेंदुरजनाघाट, पुसला, जरूड, बेनोडा, राजुरा बाजार या गावांच्या रस्त्यांवर संत्र्याच्या क्रेटांनी भरलेल्या गाड्या दिसू लागतात. ज्या तालुक्याच्या रेल्वेस्थानकाचे नावच ‘वरूड ऑरेंज सिटी’ आहे, तेथे अनेक घरांचा वर्षाचा हिशेब या काही आठवड्यांत ठरतो. एकेकाळी दूरच्या बाजारात संत्र्याला काय भाव फुटला हे कळण्यासाठी तार किंवा ट्रंक कॉलची वाट पाहावी लागे. १४ जुलै २०१३ हा देशातील तारसेवेचा अखेरचा दिवस ठरला. बांगलादेशने २०१९ पासून संत्र्यावरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने वाढवले, तेव्हा प्रत्येक वाढीची बातमी व्यापाऱ्याच्या आधी बागायतदाराच्या खिशातील मोबाईलवर येऊन थडकत होती. बातमी पोहोचली म्हणून भाव वाचला नाही, हा भाग वेगळा.

मात्र पेठेत बसून ही बातमी वाचणारा बागायतदार तासाभराने बगिच्याच्या टोकावरच्या विहिरीपाशी जातो, तेव्हा तोच मोबाईल डोक्यावर धरून त्याला रेंज शोधावी लागते. कधी धुऱ्यावर (पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बांध म्हणतात त्यावर) चढून, कधी पांदणीच्या वळणापर्यंत चालत येऊन बोलावे लागते. गावोगावच्या ओट्यांवर म्हणूनच एक प्रश्न नित्य चर्चेत असतो : कोणत्या कंपनीचे कार्ड चांगले? या प्रश्नाला उत्तर देणारे पुष्कळ आहेत. दूरचित्रवाणीवरील जाहिरात आहे, रिचार्ज करून देणारा दुकानदार आहे, पुण्याला शिकायला गेलेला मुलगा आहे. तिघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतील, पण तिघांच्याही हातात मोजपट्टी शहराची आहे.

ती मोजपट्टी म्हणजे रोजचा दीड जीबी, दोन जीबी आणि त्याची किंमत. शहरात दळणवळणाचे जाळे सर्वत्र आहे असे गृहीत धरून मग रुपयाला किती डेटा पडतो याची तुलना करता येते. वरुडात गृहीतकच कच्चे आहे. जेथे मनोऱ्याचा संकेतच पोहोचत नाही, तेथे दोन जीबीची किंमत शून्य. त्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. सातशे, साडेआठशे, नऊशे मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात, भिंती आणि झाडी भेदण्यात त्या सरस ठरतात. तेवीसशे किंवा पस्तीसशे मेगाहर्ट्झच्या लहरी भरपूर माहिती वाहून नेतात, पण त्यांचा पल्ला तोकडा. पाच-जीचा झगमगाट बहुतांशी या दुसऱ्या प्रकारच्या लहरींवर उभा आहे. दाट पानांच्या, पावसाने ओल्या झालेल्या बगिच्यात आणि सातपुड्याच्या उतारावर त्यांचा जोर ओसरतो. नव्या पाच-जी हँडसेटला पंचवीस हजार मोजून घरी आणलेल्या तरुणाला बगिच्यात शिरताच चार-जीचा एक दांडा दिसतो, तो हँडसेटचा दोष नसतो.

आता बगिच्याला मोबाईलकडून नेमके काय हवे आहे, ते पाहू. राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ सुरू केली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून, स्थळाच्या नोंदीसह ते ॲपवरून पाठवायचे आणि त्यावरून सातबाऱ्यावर पीक चढायचे, अशी ही व्यवस्था आहे. तलाठ्याच्या चावडीत बसून पीक लिहिले जाण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा ती शतपटीने स्वच्छ आहे, यात वाद नाही. परंतु तिचा सगळा भार शेवटी संकेताच्या त्या एका दांड्यावर आणि शासनाच्या सर्व्हरवर येतो. २०२५ च्या खरिपात नोंदणीची मुदत वाढवावी लागली, ती उगाच नव्हे. पंधरा एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. फळपीक विम्याचा अर्ज, अनुदानाची महाडीबीटीवरील पडताळणी, बँकेचा व्यवहार, प्रत्येक ठिकाणी ओटीपी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिद्ध केलेले ‘दामिनी’ ॲप वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिसरात वीज कोसळण्याचा धोका असेल तर सूचना देते. ‘मेघदूत’ ॲप मराठीतून हवामानाचा अंदाज आणि कृषी सल्ला देते. मृगाच्या पावसात झाडाखाली उभ्या असलेल्या मजुरासाठी दामिनीची ती सूचना प्राणमोलाची आहे. आणि या साऱ्याला मिळून लागणारा डेटा किती? दिवसाला दीड जीबी तर नक्कीच नाही. त्याचा एक लहानसा अंशही पुरतो. हवी असते ती सलगता. चित्रपट अडखळला तर पुन्हा पाहता येतो. विजेची सूचना अर्ध्या तासाने आली तर तिचा उपयोग काय?

या सगळ्यापेक्षाही बागायतदाराच्या आयुष्यात ज्या उपकरणाने खरी क्रांती केली, ते शोरूमच्या काचेत कधी दिसत नाही. ते विहिरीवरच्या पेटीत असते. शेतीपंपाला पाळीने मिळणाऱ्या विजेमुळे पिढ्यानपिढ्या शेतकऱ्याने रात्री-अपरात्री कंदील किंवा विजेरी घेऊन वावराची वाट तुडवली आहे. साप, बिबट्या, उघड्या तारा, काय नव्हते त्या वाटेवर? पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी याच दुखण्यावर ‘नॅनो गणेश’ हे उपकरण तयार केले. मोबाईलवरून कॉल लावायचा, ठरलेला अंक दाबायचा, की पंप सुरू किंवा बंद होतो. वीज आली आहे की नाही, हेही घरबसल्या कळते. २००९ मध्ये नोकियाने घेतलेल्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. पुढे अनेक उत्पादकांचे ‘मोबाईल स्टार्टर’ बाजारात आले. हे यंत्र चालते ते साध्या कॉलवर. त्याला इंटरनेट लागत नाही, ॲप लागत नाही, मराठी-इंग्रजीचा प्रश्न येत नाही. निरक्षर आजोबाही ते चालवू शकतात.

वरुडात या यंत्राचे मोल आणखी वेगळे आहे. वरूड आणि मोर्शी हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी कुप्रसिद्ध आहेत. ‘डार्क झोन’ हा शब्द येथे लहान मुलांनाही पाठ आहे. रात्री पंप सुरू करून झोपी गेलेला माणूस पहाटेपर्यंत पाणी वाहू देतो. घरबसल्या पंप बंद करता आला तर तेवढे पाणी विहिरीत राहते. म्हणजे या तालुक्यात संकेताचा एक दांडा थेट पाण्याशी जोडलेला आहे.

आणि नेमके येथेच कंपन्यांची तुलना जाहिरातीपेक्षा वेगळे उत्तर देते. स्वस्तात मिळणारे असे अनेक स्टार्टर जुन्या टू-जी पद्धतीचे आहेत. जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू केली ती थेट चार-जीवर. टू-जीचे जाळे तिने कधी उभारलेच नाही. त्यामुळे टू-जी स्टार्टरमध्ये जिओचे कार्ड चालत नाही, मग घरातल्या सगळ्या मोबाईलवर ते कितीही उत्तम चालत असो. तेथे एअरटेल, व्ही किंवा बीएसएनएल यांपैकी ज्याचा टू-जी संकेत विहिरीपर्यंत येतो, तेच कार्ड हवे. नवा स्टार्टर घेणाऱ्याने तो चार-जीवर चालणारा आहे का, हे विचारूनच घ्यावे. जगभर टू-जी हळूहळू बंद होत आहे आणि विहिरीवरची पेटी दर दोन वर्षांनी बदलण्याची चैन कोणालाच परवडणारी नाही. ‘जिओ भारत’ हा २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आलेला बटणांचा फोन वृद्धांसाठी सोयीचा आहे, त्यावर यूपीआयही चालते. मात्र त्यात दुसऱ्या कंपनीचे कार्ड बसत नाही. आजीच्या खोलीत जिओची रेंज नसेल, तर फोन स्वस्त असूनही महाग पडतो.

किमतीकडे वळायचे तर अंकगणित अप्रिय आहे. ‘महिन्याचा’ म्हणून विकला जाणारा पॅक अठ्ठावीस दिवसांचा असतो. अठ्ठावीस तेरे तीनशे चौसष्ट. वर्षाचे महिने बारा, रिचार्ज तेरा! अठ्ठावीस दिवसांना सुमारे तीनशे रुपये धरले आणि घरात चार मोबाईल धरले, तर वर्षाला पंधरा हजार सहाशे रुपये होतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक तरी पॅक पूर्ण तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा ठेवण्यास भाग पाडले. तो मागितला तरच मिळतो, हे सांगायला नको. त्यात रोज उरलेला डेटा मध्यरात्री विरून जातो. किराणा दुकानदाराने तेलाच्या पिंपातले उरलेले तेल रोज रात्री ओतून टाकावे आणि सकाळी नवे घ्यायला लावावे, असा हा व्यवहार. महिन्याला चाळीस जीबी घेऊन त्यातले पाच वापरणारे वडीलधारे गावोगाव आहेत. त्यांना इतका डेटा हवा होता का, हे कोणी विचारलेच नाही.

म्हणूनच ‘ट्राय’ने डिसेंबर २०२४ मध्ये केलेली नियमदुरुस्ती महत्त्वाची आहे. केवळ कॉल आणि एसएमएस यांचे स्वतंत्र पॅक ठेवणे तिने बंधनकारक केले आणि विशेष पॅकची कमाल मुदत नव्वद दिवसांवरून तीनशे पासष्ट दिवसांवर नेली. जानेवारी २०२५ मध्ये खासगी कंपन्यांनी असे पॅक आणले. विहिरीवरच्या स्टार्टरमधील कार्ड, आजोबांचा बटणांचा फोन, बँकेच्या ओटीपीपुरता चालू ठेवलेला जुना क्रमांक, या तिघांसाठी हा पॅक आहे. तो दुकानाच्या फलकावर क्वचितच रंगवलेला दिसेल.

जुन्या क्रमांकाबद्दल एक गोष्ट अधिक स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. पैसे वाचवण्यासाठी रिचार्ज थांबवला, नव्वद दिवस क्रमांक वापरलाच नाही, की तो बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. आधार, बँक, विमा, शेतकरी ओळख क्रमांक या सर्वांशी तोच जोडलेला असेल, तर ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या मोबाईलवर जातो. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी किती घरांत ‘आधारला कोणता नंबर आहे?’ हा शोध सुरू झाला, हे आठवावे. कार्ड स्वस्त की महाग हा नंतरचा प्रश्न. घरातला कोणता क्रमांक कोणत्या कागदाला जोडलेला आहे, याची एक वही प्रत्येक घरात असायला हवी.

पर्यायांचा प्रश्नही विचारात घ्यावा लागेल. अटलबिहारी वाजपेयी सरकारच्या १९९९ च्या दूरसंचार धोरणाने या क्षेत्राची कोंडी फोडली. ऑक्टोबर २००० मध्ये बीएसएनएलची स्थापना झाली, ऑक्टोबर २००२ मध्ये तिची मोबाईल सेवा आली. पुढच्या दशकात कंपन्यांची इतकी दाटी झाली की गावातल्या पानठेल्यावरही कार्डे फुकट वाटली जात. मग परवान्यांचा घोटाळा, २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले १२२ परवाने, जिओच्या आगमनानंतरचे दरयुद्ध आणि ऑगस्ट २०१८ मधील व्होडाफोन-आयडिया विलीनीकरण. आता तीन खासगी आणि एक सरकारी, एवढेच शिल्लक आहेत. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले, तेव्हा ग्राहकाला निवड किती उरली आहे याचे दर्शन घडले.

त्या वेळी लोक बीएसएनएलकडे वळले. जुलै ते ऑक्टोबर २०२४ या काळात तिचे ग्राहक वाढले. नोव्हेंबरपासून पुन्हा घटू लागले. कारण उघड होते, चार-जीचे जाळे तयार नव्हते. संतापाने गेलेला ग्राहक वेगाअभावी परतला. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते बीएसएनएलच्या स्वदेशी चार-जी जाळ्याचे लोकार्पण झाले. सुमारे ९७,५०० मनोरे, सी-डॉटने घडवलेला गाभा, तेजस नेटवर्क्सची रेडिओ यंत्रणा आणि टाटा कन्सल्टन्सीने केलेली जोडणी. अशी संपूर्ण यंत्रणा स्वतः घडवणारे देश जगात बोटांवर मोजण्याइतके आहेत. १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झाली तेव्हा खेड्यातल्या लहान टेलिफोन केंद्रांसाठी देशी एक्स्चेंज बनवण्यापासून तिने प्रारंभ केला होता. त्या वाटचालीचा हा टप्पा निःसंशय अभिमानाचा आहे. परदेशी यंत्रणेवर उभ्या असलेल्या जाळ्याची किल्ली कोणाच्या हाती असते, हा प्रश्न गलवाननंतर, २९ जून २०२० रोजी ५९ चिनी ॲपवर बंदी आली त्या दिवसापासून, सामान्य माणसालाही कळू लागला आहे.

परंतु स्वदेशी या नावावर सवलतीचे गुण मागण्याची वेळ येऊ नये. चार दिवस अभिमानाने कार्ड घेतलेला तरुण विहिरीवर रेंज नाही म्हणून पाचव्या दिवशी परतला, तर तो स्वदेशीवरचा विश्वासच गमावून परततो. सातशे मेगाहर्ट्झसारख्या दूर पल्ल्याच्या लहरी बीएसएनएलला मिळालेल्या आहेत. सातपुड्याच्या उतारावरील गावांना अशाच लहरींची गरज आहे. मनोऱ्याची वीज गेल्यावर बॅटरी किती तास तग धरते, बिघाड झाल्यावर माणूस किती दिवसांनी येतो, या दोन कसोट्यांवर तिला उतरावे लागेल. त्या उतरवून घेण्याचे काम ग्राहकाचे आहे. तक्रार न करता कार्ड बदलणाऱ्यापेक्षा तक्रार नोंदवून, तिचा पाठपुरावा करून मग बदलणारा ग्राहक सरकारी कंपनीचेही अधिक भले करतो.

मग वरुडच्या बागायतदाराने तुलना करायची कशी? कंपन्यांनी आपापल्या संकेताचे नकाशे संकेतस्थळांवर प्रसिद्ध करावेत, असे ‘ट्राय’ने २०२४ च्या सेवादर्जा नियमांनी बंधनकारक केले आहे. हे नकाशे पाहावेत, पण ते बहुतांशी गणिताने काढलेले अंदाज असतात, हे ध्यानात ठेवावे. त्यापेक्षा खात्रीचा मार्ग ओट्यावरच आहे. चार शेजाऱ्यांचे चार कंपन्यांचे मोबाईल घेऊन एकदा सकाळी आणि एकदा रात्री आठ वाजता (त्या वेळी सगळे गाव मोबाईलवर असते) विहिरीपाशी, गोठ्यापाशी, घरातल्या आतल्या खोलीत उभे राहावे. कॉल लागतो का, पंप सुरू होतो का, ई-पीक पाहणीचे एक छायाचित्र जाते का, एवढेच पाहावे. ‘ट्राय’चे ‘माय स्पीड’ ॲप वेग मोजते आणि हवे तर तो आकडा थेट प्राधिकरणाकडे पाठवते. त्यानंतर क्रमांक न बदलता कंपनी बदलायची तर ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून, आपला क्रमांक १९०० वर पाठवावा. सध्याच्या कंपनीकडे नव्वद दिवस झालेले असावेत आणि बिल थकलेले नसावे, एवढ्या मुख्य अटी. घरातील सर्व कार्डे एकाच कंपनीची ठेवू नयेत, हा अनुभवाचा सल्ला येथे लागू पडतो. वादळात एकाचा मनोरा पडला तर दुसऱ्याचा उभा असतो.

ॲपविषयी थोडक्यात एवढेच, की शासकीय योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली फाईल उघडून कोणतेही ॲप घेऊ नये. पीएम किसानच्या नावाने अशा फाईली पाठवून खाती रिकामी केल्याचे प्रकार घडले आहेत. फसवणूक झाल्यास पहिल्या तासात १९३० वर कळवावे. मोबाईल हरवला तर ‘संचार साथी’वरून तो बंद करता येतो. ही माहिती घरातील ज्येष्ठांना तोंडपाठ हवी, कारण सावज म्हणून निवड बहुधा त्यांचीच होते.

‘ट्राय’ स्वतंत्र वाहनांतून संकेताची चाचणी घेते, पण ती मुख्यतः शहरांत, महामार्गांवर आणि रेल्वेमार्गांवर. पांदणीवरून ते वाहन जात नाही. ज्या शासनाने शेतकऱ्याला शेतात उभे राहून छायाचित्र पाठवण्याचे बंधन घातले, त्यानेच त्या शेतात संकेत आहे की नाही हे मोजून प्रसिद्ध करण्याची जबाबदारीही घ्यायला हवी. पीक पाहणीच्या छायाचित्रासोबत स्थळाची नोंद होतेच. त्या ठिकाणी कोणत्या कंपनीचा संकेत किती होता, हेही त्याच वेळी टिपून गावनिहाय तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल. खरिपाची पाहणी ऑगस्टमध्ये सुरू होते. त्याआधीच्या ग्रामसभेत वरुडच्या कोणत्याही गावाने असा ठराव करून तो तहसील कार्यालयात आणि ‘ट्राय’कडे पाठवला, तर विनंतीअर्जाचा पहिला कागद तरी हलेल.